हेकट ॲडमिरल

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने पाणबुडीवर लेख लिहावा, याचे कोणाला हसू आले तर मी त्याला दोष देणार नाही. आम्ही म्हणजे जमाखर्च, ताळेबंद आणि नफातोटा पत्रक. समुद्र आम्हाला दिसतो तो गोव्याच्या सहलीत, आणि अणूशी आमची ओळख दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकापुरती. परंतु कॉस्टिंगच्या अभ्यासात कंत्राटांचे प्रकार वाचताना मी एका माणसापाशी येऊन थबकलो. या माणसाने जगातील पहिली अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी बांधवून घेतली आणि उरलेला जन्म ठेकेदारांच्या बिलांशी भांडण्यात घालवला. त्यांचे नाव ॲडमिरल हायमन जॉर्ज रिकोव्हर. ते वारले त्याला आता बराच काळ लोटला. ८ जुलै १९८६ ही त्यांची मृत्यूची तारीख. आपल्याकडे त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही.

जन्म पोलंडमधील माकोव्ह या गावचा. पोलंडवर तेव्हा रशियाच्या झारचे राज्य होते. आरमाराच्या दप्तरी जन्मतारीख २७ जानेवारी १९०० अशी आहे. घर यहुदी, वडील अब्राहम शिंपीकाम करणारे. यहुद्यांना तिथे दिवस वाईट होते, म्हणून वडील आधी न्यूयॉर्कला गेले आणि १९०६ च्या सुमारास बायकामुलांना त्यांनी मागून बोलावून घेतले. पुढे कुटुंब शिकागोला स्थायिक झाले. पोराने वयाच्या नवव्या वर्षी पहिली कमाई केली ती शेजाऱ्याच्या यंत्रावर दिवा धरून उभे राहण्याची. तासाला तीन सेंट. शाळेत असताना तारा पोचवण्याचे काम केले. घरी यिद्दिश, शाळेत इंग्रजी. मराठी माध्यमातून येऊन एकदम इंग्रजी पुस्तकांपुढे बसलेल्या माझ्यासारख्याला या पोराच्या पहिल्या वर्षांची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत.

तारा पोचवता पोचवता ॲडॉल्फ सबाथ या खासदारांशी ओळख झाली. तेही बोहेमियातून आलेले यहुदी. त्यांच्या शिफारशीने हायमनला १९१८ मध्ये ॲनापोलिसच्या नाविक अकादमीत प्रवेश मिळाला. तिथे त्याने खेळ, नाच, मेजवान्या यांच्याकडे पाठ फिरवली आणि घोकंपट्टी केली. १९२२ मध्ये ५४० जणांत १०७ वा क्रमांक आला. म्हणजे हुशार खरा, पण चमकणारा नव्हे. पुढची वीस वर्षेही अशीच. विनाशिका, युद्धनौका, मग कोलंबिया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी, मग एस-४८ नावाची एक जुनाट, सतत बिघडणारी पाणबुडी. १९३७ मध्ये चीनच्या किनाऱ्यावर फिंच नावाचे एक गंजके जहाज काही महिने त्यांच्या हाताखाली होते. जहाजाचे कप्तानपद त्यांना आयुष्यात तेवढेच लाभले. दुसऱ्या महायुद्धात सारे सहकारी तोफांच्या माऱ्यात असताना हे गृहस्थ वॉशिंग्टनच्या कचेरीत जहाजांच्या विद्युत विभागाचे प्रमुख होते. मात्र त्या कचेरीत त्यांनी एक सवय लावून घेतली. ठेकेदाराने पाठवलेला प्रत्येक स्विच, प्रत्येक केबल स्वतः तपासायची, आणि माल नापास झाला तर तो कोणाचा आहे हे न बघता परत पाठवायचा. मोठ्या कंपन्यांच्या साहेबांना अशी परतफेड आवडत नसे, हे वेगळे सांगायला नको.

१९४६ मध्ये आरमाराने काही अधिकाऱ्यांना टेनेसी राज्यातील ओक रिज येथे अणुविद्या शिकायला धाडले. त्यांत शेहेचाळीस वर्षांचे कॅप्टन रिकोव्हर होते. इतर अधिकारी शिकून परतले. हे मात्र एकच ध्यास घेऊन परतले, तो म्हणजे अणूच्या उष्णतेवर पाणबुडी चालवण्याचा.

इथे थोडे थांबून हे कशासाठी ते सांगितले पाहिजे. त्या काळची पाणबुडी नावालाच पाणबुडी होती. पाण्यावर असताना डिझेल इंजिन आणि पाण्याखाली बॅटरी, असा तिचा संसार. डिझेलला हवा लागते, म्हणून बॅटरी संपली की तिला वर यावे लागे किंवा निदान हवेची नळी तरी वर काढावी लागे. आणि वर आली की शत्रूच्या विमानाला ती सापडलीच. अणुभट्टीला हवा लागत नाही. युरेनियमचे अणू फुटले की उष्णता निघते, त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफेने टर्बाइन फिरते. अमेरिकन आरमारप्रमुख निमिट्झ स्वतः जुने पाणबुडीवाले; त्यांनी डिसेंबर १९४७ मध्ये या कल्पनेला मान्यता दिली. १९४९ पासून रिकोव्हर यांना दोन टोप्या मिळाल्या, एक आरमाराची आणि दुसरी अणुशक्ती आयोगाची. या दोन टोप्यांचा त्यांनी जो उपयोग केला तो आपल्या कचेऱ्यांतल्या जाणत्या हेडक्लार्कलाच समजेल! आरमाराने हात आखडला की आयोगाच्या कागदावर पत्र लिहायचे, आयोगाने नाही म्हटले की आरमाराच्या.

अणुभट्टीतली उष्णता बाहेर कशी काढायची हा पहिला प्रश्न. रिकोव्हर यांनी साधे पाणी निवडले, पण दाबाखालचे. आपल्या घरातल्या प्रेशर कुकरचे तत्त्व आठवावे. दाब वाढला की पाणी शंभर अंशाच्या वर जाऊनही उकळत नाही. हे तापलेले पाणी नळ्यांतून फिरते आणि पलीकडच्या दुसऱ्या पाण्याची वाफ करते. दोन पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून किरणोत्सार टर्बाइनकडे जात नाही. दुसरा प्रश्न धातूचा. युरेनियमवर वेष्टन हवे ते गंजता कामा नये आणि न्यूट्रॉनही गिळता कामा नये. झिर्कोनियम हा धातू त्याला योग्य होता, पण तो तेव्हा प्रयोगशाळेत थोडाथोडका बनत असे, आणि त्याच्यात हाफनियम नावाचा जुळा भाऊ मिसळलेला असे, जो नेमके न्यूट्रॉन गिळतो. रिकोव्हर यांनी झिर्कोनियमचा अख्खा उद्योगच उभा करवला. आणि जो हाफनियम वेगळा काढला तो फेकला नाही. न्यूट्रॉन गिळतो म्हणूनच भट्टी आवरणाऱ्या नियंत्रक दांड्या त्याच्याच केल्या. उपपदार्थाचा हिशेब कसा लावायचा हे आम्ही दुसऱ्या वर्षाला शिकतो; त्याचे इतके सुंदर उदाहरण आमच्या पुस्तकात नाही.

आयडाहोच्या वाळवंटात, समुद्रापासून शेकडो मैलांवर, त्यांनी पाणबुडीच्या पोटाचा एक तुकडा जशाचा तसा बांधला. भोवती पाण्याची टाकी, आत भट्टी आणि यंत्रे. आधी ऐसपैस प्रयोग करू, मग लहान करू, असे शास्त्रज्ञ म्हणत होते. रिकोव्हर म्हणाले, पहिल्यापासूनच पाणबुडीच्या मापाचे करा. ही भट्टी ३० मार्च १९५३ रोजी पेटली. जूनमध्ये दोन दिवसांची चाचणी ठरली होती. ती नीट चालली आहे असे पाहून त्यांनी ती थांबवू दिली नाही. भिंतीवर अटलांटिकचा नकाशा लावला आणि यंत्र जितके फिरले तितके अंतर त्यावर आखत राहायला सांगितले. मधे पंपांचे आणि मीटरचे बिघाड झाले, अभियंते घाबरले, थांबवा म्हणाले. यांनी ऐकले नाही. सुमारे चार दिवसांनी वाळवंटातली ती पाणबुडी नकाशावर आयर्लंडला पोचली. मला स्वतःला त्यांच्या सगळ्या चरित्रात हा प्रसंग सर्वांत आवडतो.

गंमत अशी की याच सुमारास आरमार त्यांना घरी पाठवायला निघाले होते. १९५१ आणि १९५२ असे दोनदा बढती मंडळाने त्यांना रिअर ॲडमिरलपदासाठी वगळले. दोनदा वगळलेल्या कॅप्टनने सेवेची ठरावीक वर्षे भरताच निवृत्त व्हावे असा नियम. म्हणजे भट्टी पेटवणारा माणूस जून १९५३ अखेर पेन्शनीत! यहुदी असल्याचा यात किती भाग आणि फटकळ जिभेचा किती, यावर चरित्रकार अजून भांडतात. मला वाटते दुसऱ्याचा भाग लहान नसावा. ते वरिष्ठांना मूर्ख म्हणत, कनिष्ठांना त्याहून वाईट म्हणत, गणवेश सोडून साध्या कोटात वावरत, आणि हुद्द्यापेक्षा काम मोठे असे मानत. आरमारात हुद्दा हाच सर्वस्व असतो. शेवटी वर्तमानपत्रे आणि संसदेचे सदस्य धावून आले. सिनेटच्या समितीने बढत्यांची संपूर्ण यादीच अडवून धरली, तेव्हा कुठे नवे मंडळ बसले आणि जुलै १९५३ मध्ये रिकोव्हर रिअर ॲडमिरल झाले.

आता त्या पाणबुडीकडे वळू. तिचे नाव नॉटिलस. शत्रूची जहाजे आणि पाणबुड्या हुडकून टॉर्पेडोने बुडवायच्या हे तिचे काम. शहरांवर क्षेपणास्त्रे सोडणाऱ्या पाणबुड्या नंतर आल्या आणि त्यांची जात निराळी. कनेक्टिकट राज्यातील ग्रोटन येथे इलेक्ट्रिक बोट कंपनीच्या गोदीत १४ जून १९५२ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या हस्ते तिचा पाया घातला गेला. लांबी सुमारे ३२० फूट, माणसे शंभराच्या वर. आतल्या यंत्रांची जागा ठरवण्यासाठी आधी लाकडाची पूर्ण मापाची प्रतिकृती केली होती. एखादा व्हॉल्व्ह फिरवायला खलाशाचा हात पोचतो की नाही हेही तीत पाहिले जाई. २१ जानेवारी १९५४ ला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या पत्नी मेमी यांनी बाटली फोडली आणि नॉटिलस पाण्यात उतरली.

सप्टेंबर १९५४ मध्ये धक्क्यावर चाचणी चालू असताना वाफेची एक लहान नळी फुटली. तपासात निघाले की तिथे बिनजोड नळी लावायला हवी होती आणि लागली होती कठड्याच्या खांबांना वापरतात तसली सांध्याची. बरे, अशा चुकीच्या नळ्या आणखी कुठे कुठे बसल्या आहेत हे कागदपत्रांवरून सांगता येईना. रिकोव्हर यांनी त्या मापाच्या सगळ्या संशयित नळ्या, हजारो फूट, उपसून काढायला लावल्या. वेळापत्रक कोसळले. ३० सप्टेंबरला पाणबुडी आरमारात दाखल झाली खरी, पण धक्का सोडून हलली नाही. माझे काका उद्यमबागेतल्या एका कारखान्यात तपासनीस आहेत. एखादा लॉट नापास केला की दोन दिवस कोणी त्यांच्याशी धड बोलत नाही, आणि पास केलेल्यातला एक तुकडा जरी परत आला तरी सगळे त्यांच्याकडेच बघतात. नॉटिलसच्या नळ्यांची गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा ते हसले नाहीत. कागद कुणी सही केले होते, एवढेच त्यांनी विचारले.

१७ जानेवारी १९५५ रोजी सकाळी अकरा वाजता, कमांडर विल्किन्सन यांच्या हुकमतीखाली नॉटिलस निघाली आणि आपण अणुशक्तीवर चालत आहोत असा संदेश तिने दिव्याने पाठवला. त्याच वर्षी मे महिन्यात ती पाण्याखालून एका दमात पोर्तो रिकोला गेली. ९० तासांहून कमी वेळात १,१०० सागरी मैलांवर. पहिले इंधन १९५७ पर्यंत पुरले, तोवर ६२,५६२ मैल झाले होते. ३ ऑगस्ट १९५८ रोजी कमांडर अँडरसन आणि ११६ माणसांसह ती बर्फाखालून उत्तर ध्रुवावर पोचली. या पराक्रमाचा सत्कार व्हाइट हाउसमध्ये झाला, आणि त्याला रिकोव्हर यांनाच बोलावणे नव्हते! फारच ओरडा झाला तेव्हा न्यूयॉर्कच्या मिरवणुकीत राष्ट्राध्यक्षांचे प्रतिनिधी म्हणून त्यांना बसवण्यात आले. त्याच वर्षी संसदेचे सुवर्णपदक मिळाले आणि व्हाइस ॲडमिरलपदही.

सगळेच सरळ झाले असे नाही. सीवुल्फ या दुसऱ्या पाणबुडीत पाण्याऐवजी वितळलेला सोडियम फिरवून पाहिला. सोडियम उष्णता चांगली वाहतो, पण पाण्याशी गाठ पडली की भडकतो, आणि नळ्यांत गळती सुरू झाली. रिकोव्हर यांनी ती भट्टी काढून टाकली, पाण्याची बसवली, आणि जुनी भट्टी १९५९ मध्ये अटलांटिकच्या तळाशी गेली. त्यानंतर पाण्याचीच पद्धत रूढ झाली. १९५७ च्या डिसेंबरात शिपिंगपोर्ट येथे वीज देऊ लागलेले केंद्रही त्याच पद्धतीचे, त्यांच्याच देखरेखीखालचे. आपल्या आरमाराने सोव्हिएत युनियनकडून तीन वर्षांच्या भाडेपट्ट्याने १९८८ मध्ये आणलेली चक्र ही रिकोव्हर यांच्या घराण्यातली नव्हे, पण तिच्याही भट्टीत दाबाखालचे पाणीच होते.

त्यांच्या मुलाखतींच्या दंतकथा अमेरिकेत अजून सांगतात. अणुविभागात यायचे तर प्रत्येक अधिकाऱ्याला त्यांच्यापुढे बसावे लागे. खुर्चीचे पुढचे पाय कापून आखूड केलेले असत, उमेदवार सारखा घसरत राही. उत्तर फसवे वाटले तर त्याला कोठडीवजा खोलीत विचार करायला पाठवत. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांनाही या खोलीतून जावे लागले. अकादमीत तुम्ही नेहमी सर्वस्व पणाला लावले होते का, या प्रश्नावर ते नाही म्हणाले, आणि का नाही, याचे उत्तर त्यांना तेव्हा सुचले नाही. पुढे आपल्या पुस्तकाचे नाव त्यांनी त्याच प्रश्नावरून ठेवले. अशा मुलाखतींचे कौतुक करणारे पुष्कळ आहेत. मी त्यांतला नाही. नोकरी मागायला आलेल्या पोराला खुर्चीवरून घसरवण्यात कोणती परीक्षा होते, मला कळत नाही.

१० एप्रिल १९६३ ला थ्रेशर ही अणुपाणबुडी बोस्टनच्या पूर्वेला खोल पाण्यात चाचणी घेताना बुडाली. १२९ माणसे गेली, त्यांत १७ गोदीचे व कारखान्यांचे लोक. चौकशीत निघालेला तर्क असा: समुद्राच्या पाण्याच्या नळीचा डाग दिलेला सांधा निखळला, पाण्याने विजेची उपकरणे बंद पडली, भट्टी आपोआप थांबली, आणि वर येण्यासाठी टाक्यांत हवा सोडू गेले तर नळ्यांत बर्फ धरून हवा अडली. भट्टी फुटली नव्हती. परंतु भट्टी थांबल्यावर ती पुन्हा सुरू करण्याची जी सावकाश, सावध पद्धत होती ती रिकोव्हर यांच्या विभागाचीच. ती नंतर बदलण्यात आली. सांध्यांच्या तपासणीतल्या ढिलाईवर त्यांनी संसदेपुढे कोरडे ओढले, आणि डिसेंबर १९६३ पासून पाणबुड्यांच्या सुरक्षेची स्वतंत्र तपासणी-पद्धत आली. ते प्रमाणपत्र मिळालेली एकही अमेरिकन पाणबुडी त्यानंतर बुडालेली नाही. १९६८ मध्ये ९९ माणसांसह बुडालेल्या स्कॉर्पियनला ते मिळालेले नव्हते.

आता माझ्या विषयाकडे येतो. १९७० नंतर लॉस एंजलिस वर्गाच्या हल्लेखोर पाणबुड्यांची कामे निघाली. ठेका घेताना कंपन्यांनी कमी किंमत लावली आणि नंतर खर्च वाढला म्हणून सरकारकडे दावे दाखल केले. इलेक्ट्रिक बोटने १९७६ मध्ये ५४ कोटी ४० लाख डॉलर मागितले. रिकोव्हर यांचे म्हणणे, हे दावे फुगवलेले आहेत, कामातला ढिसाळपणा जनतेच्या पैशाने झाकला जात आहे. ठरलेल्या किमतीचे कंत्राट तोट्यात गेले की खर्चाधिक्याचे कंत्राट व्हायचे, मग ठरवलेच कशाला, असा त्यांचा साधा सवाल होता. पुढे त्याच गोदीत सदोष वेल्डिंग सापडले. पण १९७८ मध्ये सरकारने तडजोड केली आणि पैसे दिले. १९७३ मध्ये पूर्ण ॲडमिरल झालेले हे म्हातारे एकटे पडत चालले होते. ३१ जानेवारी १९८२ ला, ६३ वर्षांच्या सेवेनंतर, मनाविरुद्ध त्यांना निवृत्त करण्यात आले. जाता जाता संसदेच्या समितीपुढे त्यांनी सांगितले की अणुजहाजे ही आपल्याला नाइलाजाने पत्करलेली वाईट गोष्ट वाटते, आणि जमले तर ती सगळी बुडवून टाकू. शंभराहून अधिक अणुपाणबुड्यांच्या जनकाचे हे बोलणे ऐकून लोक चक्रावले.

आणि मग भेटवस्तू निघाल्या. इलेक्ट्रिक बोटची मालक कंपनी जनरल डायनॅमिक्स हिने सोळा वर्षांत त्यांना ६७,६२८ डॉलरच्या वस्तू पुरवल्या होत्या. बऱ्याचशा वस्तू किरकोळ, समारंभांत खासदारांना वाटायच्या. पण पत्नीसाठी कर्णभूषणे आणि जेडचे लोलकही त्यांत होते. मे १९८५ मध्ये नौदलमंत्री लेहमन यांनी त्यांना ठपक्याचे पत्र दिले आणि कंपनीला त्या रकमेच्या दहापट दंड ठोठावला. रिकोव्हर यांनी वस्तू घेतल्याचे नाकारले नाही. त्यामुळे कंपनीला कधी सूट दिली नाही, एवढेच म्हटले.

यावरून कन्नड विभागात लिहिणारा माझा मित्र आणि मी कँटीनमध्ये दोन दिवस भांडलो. त्याचे म्हणणे, ज्याने त्याच कंपनीचे कोट्यवधींचे दावे अडवले त्याचे लेक्क चुक्ता झाले. लोलकाची किंमत कोण काढतो? मला ते पटत नाही. सूट दिली नाही हे खरेच असावे, दाव्यांच्या भांडणावरून ते उघड दिसते. पण ज्या माणसाने कठड्याच्या नळीचा एक तुकडा सापडला म्हणून हजारो फूट नळ्या उपसल्या, त्याला स्वतःच्या खात्यातली ही नोंद चालली कशी? दुसऱ्याच्या बाबतीत त्याने ती एक क्षण खपवून घेतली नसती. तरीही नॉटिलसच्या नळ्या बदलल्या गेल्या त्या त्याच्यामुळेच, हेही मी पुसू शकत नाही. ताळेबंदात दोन्ही बाजू सारख्या याव्या लागतात. माणसाच्या बाबतीत त्या येत नाहीत आणि मित्राचे आणि माझे भांडण अजून मिटलेले नाही.

त्यांच्या नावाची पहिली पाणबुडी, शहरांची नावे असलेल्या वर्गात अपवाद म्हणून, १९८४ मध्ये दाखल झाली आणि २००७ मध्ये निवृत्त झाली. दुसरी १४ ऑक्टोबर २०२३ रोजी ग्रोटनलाच दाखल झाली. नॉटिलस ३ मार्च १९८० ला सेवेतून मुक्त झाली आणि रिकोव्हर यांच्या मृत्यूच्या तीन महिने आधी, एप्रिल १९८६ मध्ये, ग्रोटनच्या संग्रहालयात लोकांना पाहण्यासाठी खुली झाली. पुढच्या भागातली टॉर्पेडोची खोली, खलाशांची बिछाने, कप्तानाची जागा असे सगळे हिंडून बघता येते. मागचा भट्टीचा आणि यंत्रांचा भाग मात्र प्रेक्षकांना बंद आहे.